जिन्यावरच्या लॅमिनेटचं नोझिंग पुन्हा पुन्हा सुटतंय? गोंद बदलण्याआधी खालचा कोटा दगड बघा

लक्षण असं असतं. जिना उतरताना पाऊल पायरीच्या कडेवर पडलं की ‘टक’ असा आवाज येतो. चढताना येत नाही, म्हणून सुरुवातीला कुणी मनावर घेत नाही. वाकून पाहिलं तर नोझिंग (पायरीच्या पुढच्या कडेची पट्टी) आणि त्याच्या मागची लॅमिनेटची फळी यांच्या सांध्यात एक काळी रेघ दिसते, ती पुसून जात नाही. महिन्याभरात नोझिंग नखाने उचलता येतं आणि एक दिवस कुणाच्या तरी पायाला अडकून सरळ बाहेर येतं. मिस्त्री येतो, गोंद भरतो, वर वजन ठेवून जातो. चार महिने बरे जातात, मग परत टक.

आमच्या नाशिकच्या रो-हाउसमध्ये हे तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी मी स्वतः सुट्टी काढून जिन्यावर बसलो, म्हणून हे लिहितोय.

जिना आरसीसीचा, वर पॉलिश केलेला कोटा. दहा फुटांची उंची, १७ चढ, मध्ये एक लँडिंग; ते आणि वरचा मजला सोडला तर पंधरा पायऱ्या. पंधरा वर्षांत त्या कोट्याला काही झालं नव्हतं, हे मी एकदा म्हणून पाहिलं, पण मुलाला वुडन लूक हवा होता आणि वरच्या मजल्यावर लॅमिनेट बसवून झालंच होतं. दिवाळीच्या आधी काम उरकायचं म्हणून दुकानदाराने पाठवलेल्या दोघांनी ८ मिमीच्या फळ्या दोन दिवसांत लावल्या. दिसायला झकास. पहिलं नोझिंग जूनमध्ये सुटलं.

पहिल्या दुरुस्तीत सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला गेला. दुसऱ्या वेळी स्क्रू मारले. भोकं पाडताना एका पायरीच्या कोट्याचा कडेकडचा टवका उडाला आणि स्क्रूची गट्टी बसलीच नाही. ती पायरी मग सिलिकॉनवर राहिली. प्रत्येक वेळी चर्चा एकाच गोष्टीची व्हायची: कुठला गोंद चांगला. आईने मात्र पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, “अरे, ती पायरी डुलते.” आई उतरताना कठडा धरून पाऊल थोडं तिरकं ठेवते, तिला ते आमच्या आधी कळलं. आम्ही सगळे आवाजाच्या मागे होतो आणि ती डुलण्याबद्दल बोलत होती.

सुटलेलं नोझिंग उलटं करून बघा

सगळं उत्तर तिथेच असतं. माझ्या हातात आलेल्या नोझिंगच्या पोटाला गोंदाचा ठसा होता तो फक्त मागच्या बाजूला, बोटभर रुंद. पुढचा भाग कंपनीतून आला तसाच कोरा. म्हणजे पुढचा अर्धा भाग खाली कशाला टेकतच नव्हता.

कारण आपल्याकडचा कोट्याचा किंवा ग्रॅनाइटचा जिना कसा घडवतात ते आठवा. वरची लादी रायझरच्या (पायरीच्या उभ्या बाजूच्या) इंचभर पुढे काढतात आणि त्या नाकाला अर्धगोल मोल्डिंग करतात. लादी १८-२० मिमी जाड असेल तर गोलाईमुळे वरचा सपाट भाग नाकाच्या टोकाच्या आधीच जवळपास एक सेंटीमीटर संपतो. नोझिंगची पट्टी मात्र काटकोनी कडेवर बसेल अशी केलेली असते. काटकोनी वस्तू गोल नाकावर ठेवली की ती मागे टेकते, पुढे अधांतरी राहते. शिवाय नाकाच्या खाली रायझरपर्यंत इंचभर पोकळी, त्यामुळे नोझिंगचा खाली वळलेला ओठही कशाला धरत नाही.

आता उतरणारा माणूस. उतरताना पंजा बरोबर कडेवर पडतो आणि सगळं वजन त्या अधांतरी भागावर येतं. नोझिंग तरफेसारखं पुढे दबतं, मागून उचललं जातं. उचललं जाण्याची जागा म्हणजेच ती काळी रेघ. दिवसातून पन्नास वेळा हे झालं तर जगातला कुठलाही गोंद हळूहळू सोलला जाणार. चढताना वजन पायरीच्या मध्यावर येतं, म्हणून तेव्हा आवाज नाही.

गोंदाचा दोष अजिबातच नव्हता असंही नाही. पांढरा गोंद पाण्यात असतो, त्यातलं पाणी कुठेतरी शोषलं गेलं तरच तो धरतो. लाकडाला लाकूड चिकटवताना ते पाणी लाकूड पितं. इथे खाली पॉलिश केलेला कोटा आणि वर लॅमिनेटच्या पाठीचा मेलामाइनचा कागद, दोन्हीही पाणी न पिणारे. मी चार महिन्यांनी उघडलेल्या पायरीत तो गोंद अजून पांढरट होता, नखाने रबरासारखा निघत होता. वर ते अडकलेलं पाणी फळीच्या कापलेल्या कडेतून एचडीएफमध्ये (आतल्या दाबलेल्या लाकडी तंतूंच्या थरात) शिरतं आणि कड फुगते, ते वेगळंच.

तुमच्या पायरीचं नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

रुपयाचं नाणं घ्या आणि पायरीवर मागून पुढे, दर दोन इंचांवर टकटक करत या. घट्ट जागी आवाज बारीक आणि कोरडा येतो, पोकळ जागी ढबढब. पेन्सिलने हद्द आखा. फक्त पुढचे दोन-तीन इंच पोकळ असतील तर वर सांगितलेला नाकाचा घोळ आहे. सगळीच पायरी ढबढब वाजत असेल तर खाली फोम असण्याची शक्यता जास्त.

फोमबद्दल जरा सविस्तर. खोलीत लॅमिनेट तरंगतं ठेवतात, म्हणजे ते जमिनीला चिकटवत नाहीत. फळ्या एकमेकींत अडकतात, खाली २ मिमीचा फोम असतो, भिंतीकडे ८-१० मिमी फट सोडतात आणि स्कर्टिंग ती फट झाकतं. खोलीसाठी हे बरोबर आहे. जिन्यावर तरंगतं काहीही चालत नाही, कारण पायरीच्या पुढे फळीला अडवायला भिंत नसते. पण खोलीतून उरलेला फोम हाताशी असतो, “पायाला मऊ लागतं साहेब” असं म्हणून तो पायरीवरही अंथरला जातो. मग प्रत्येक पावलागणिक फळी किंचित दबते, नोझिंग मात्र दबत नाही, आणि दोघांमधला सांधा तुटतो. आमच्या पंधराच्या पंधरा पायऱ्यांखाली फोम निघाला. यावर दुरुस्ती नाही, फळी उचलून फोम काढावाच लागतो.

आवाज ‘टक’ नसून ‘कर्र’ असेल आणि पायरीच्या मागच्या भागावर उभं राहिल्यावर येत असेल, तर फळी मागच्या रायझरला घासतेय. हे सगळ्यात सोपं प्रकरण. सांध्यात पातळ पाती घालून साचलेला कचरा आणि वाळलेला गोंद काढा, शक्य तिथे जराशी फट मोकळी करा आणि ती लवचिक सीलंटने भरा. पावसाळ्यात हवा दमट झाली की फळी थोडी फुगते, म्हणून हा आवाज जुलैत येतो आणि हिवाळ्यात आपोआप जातो. नोझिंगशी त्याचा संबंध नाही.

कडा फुगून वर आल्या असतील तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. जिन्याखाली बाथरूम आहे का, किंवा जिन्याची भिंत बाहेरच्या बाजूला आहे का, ते बघा. फळी उचलल्यावर उघड्या कोट्यावर अठरा इंच चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा, किमान १६ तास. सकाळी आतून दव दिसलं किंवा दगड काळसर झाला असेल तर ओल खालून येतेय. अशा जिन्यावर लॅमिनेट लावूच नका, आधी ओल थांबवा. आमच्याकडे कागद कोरडा निघाला. म्हणजे पाणी वरून येत होतं, ते शेवटी सांगतो.

नाकाचं काय करायचं

दोन रस्ते आहेत: नाक कापायचं, किंवा नाकाखालची पोकळी भरून पुढची बाजू सपाट करायची.

मी आधी कापायला गेलो. कटर मशीनला डायमंड ब्लेड, रायझरच्या रेषेत सरळ काप. ऐकायला सोपं. पण गोल ब्लेड भिंतीजवळच्या शेवटच्या दीड-दोन इंचांत पोहोचत नाही, तिथे छिन्नी लागते. आमच्या पहिल्याच पायरीवर छिन्नीच्या तिसऱ्या घावाला लादीला कोपऱ्यातून तिरकी भेग गेली, कारण तिथे लादीखाली मसाला पोकळ होता. जुन्या जिन्यात असं हमखास असतं. शिवाय धूळ. पाणी मारून कापलं तरी घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत पांढरी पूड गेली. घर रिकामं असेल, लाद्या ठणठणीत असतील आणि हाताशी दगडकाम करणारा माणूस असेल तर कापणं उत्तम. राहत्या घरात मी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.

उरलेल्या सोळा चढांना आम्ही भरणी केली. नाक रायझरच्या किती पुढे आहे ते गुण्याने (काटकोनी पट्टीने) मोजा. आमच्याकडे २५ मिमी होतं. रायझरवर नाकाच्या खाली आधी १९ मिमीचा आणि त्यावर ६ मिमीचा प्लाय, म्हणजे नाकाच्या टोकाशी सपाट. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा (मरीन प्लाय) घ्या, साधा कमर्शियल नको. तो पीयू (पॉलीयुरेथेन) अ‍ॅडहेसिव्हने चिकटवला आणि रायझरच्या मध्यावर दोन गट्ट्या मारून स्क्रू लावले. इथे स्क्रू चालतात, कारण आपण लादीच्या कडेपासून लांब असतो. आमचा आधीचा टवका उडाला तो कडेपासून इंचाच्या आत भोक पाडल्यामुळे.

यानंतरचा टप्पा लोक विसरतात. प्लाय नाकाशी सपाट झाला तरी वरची गोलाई तशीच आहे. म्हणून नाकावरून खालपर्यंत प्लायची आणखी एक ६ मिमीची पूर्ण उंचीची पट्टी लावायची, तिची वरची कड कोट्याच्या पातळीत. गोलाई आणि पट्टी यांच्यामध्ये जी त्रिकोणी चिमूटभर जागा राहते ती एपॉक्सी पुट्टीने भरायची आणि वाळल्यावर ६० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा: पुढच्या टोकापर्यंत उजेड दिसता कामा नये. आमच्या मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “एवढं कशाला, गोंद भरला की भरून निघतं.” मग त्यांना पुट्टी नसलेल्या पायरीवर नुसतं नोझिंग ठेवून कडेवर अंगठा दाबायला लावला. मागून ते दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उचललं गेलं. पुढच्या पायऱ्यांची पुट्टी त्यांनी न सांगता भरली.

भरणीमुळे दोन पायऱ्यांच्या कडांमधलं अंतर बदलत नाही, पाऊल ठेवायची जागा तेवढीच राहते. फक्त चढताना बोटं नाकाखाली जायची ती जागा जाते. आईला दोन दिवस ते जाणवलं.

फळ्या आणि गोंद

पॉलिश कोट्यावर कुठलाही अ‍ॅडहेसिव्ह लावण्याआधी ती चकाकी मोडायला हवी. ग्राइंडरला खरखरीत चकती लावून दगड धुरकट दिसेपर्यंत घासा, धूळ व्हॅक्यूमने ओढा, थिनरच्या फडक्याने पुसा. जुन्या गोंदाचे ठिपके हीट गनने मऊ करून पटाशीने काढा. या कामाला गोंद लावण्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो.

गोंद पीयू किंवा एमएस पॉलिमर. हे हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होतात, पाणी शोषलं जाण्याची वाट बघत नाहीत, आणि घट्ट झाल्यावरही किंचित लवचिक राहतात. नागमोडी रेघा ओढा, कडेपासून इंचभर आत एक सरळ रेघ. नोझिंगखाली दोन सरळ रेघा, एक मागे, एक अगदी पुढे. रबरबेस्ड सोल्यूशन मी टाळतो. ते लावल्या क्षणी धरतं, फळी एक सूत इकडेतिकडे सरकवायची सोय राहत नाही.

फळी साधारण १९५ मिमी रुंद असते, म्हणजे पावणेआठ इंच. एका फळीत पायरी भरत नाही, कुठेतरी बारीक पट्टी लावावी लागते. ती नेहमी मागे, रायझरच्या पायाशी, जिथे पाऊल पडत नाही. आमच्याकडे ती पुढे नोझिंगला लागून लावली होती, कारण मागून पुढे काम करत येणाऱ्या माणसाला तेच सोपं पडतं. अख्खी फळी पुढे, नोझिंगला लागून. जिथे जिथे काप घेतलाय त्या कडेला कारखान्यातलं मेण राहिलेलं नसतं, तिथे वार्निशचा किंवा पीयूचा पातळ हात फिरवा. दोन्ही बाजूंना भिंतीकडे एक सूत फट सोडा आणि नंतर रंग जुळणाऱ्या सीलंटने भरा. फळ्यांचे बॉक्स आधी दोन दिवस त्याच घरात आडवे ठेवा, गाडीतून उतरवून लगेच कापू नका.

नोझिंग आठ फुटी मिळतं. जिना तीन फुटांचा असेल तर एका लांबीत दोनच तुकडे निघतात, दोन फूट वाया. १७ कडांना नऊ नग. दुकानदार नुसत्या एकूण लांबीच्या हिशेबात सात सांगतो आणि मग सांधा आलेलं नोझिंग पायरीच्या बरोबर मध्यावर येतं. सांधा असलेलं नोझिंग लावून घेऊ नका.

राहत्या घरात एक सोडून एक पायरी करा. आज विषम, उद्या सम. चिकटवलेल्या पायरीवर लाल टेप लावा आणि २४ तास पाय ठेवू देऊ नका. ज्यांना दोन पायऱ्यांची ढांग टाकता येत नाही त्यांनी तोवर खालीच झोपायचं, आईने तसंच केलं. वजन म्हणून पाण्याचे वीस लिटरचे जार चांगले, पण ते पायरीच्या मध्यावर बसतात, कडेवर नाही. कडेला आम्ही आडवी रीप ठेवून त्यावर आजीचा वरवंटा आणि दोन विटा ठेवल्या.

पहिल्या चढाची उंची

हे आवाजाशी संबंधित नाही, पण ठेच इथेच लागते. खाली जुनी फरशी तशीच ठेवून जिन्यावर ८ मिमीचं लॅमिनेट आणि गोंद मिळून १० मिमी चढवले की पहिला चढ तेवढा वाढतो, बाकीचे तसेच राहतात. आमचा १७८ चा १८८ झाला. नॅशनल बिल्डिंग कोड घरगुती जिन्याला १९० मिमीची मर्यादा घालतो, म्हणजे आम्ही काठावर. १२ मिमीची फळी घेतली असती तर पार झालो असतो. उलट, वरच्या मजल्यावर लॅमिनेट नसेल तर शेवटचा चढ तेवढाच आखूड होतो, आणि पायाला सवय असते त्याहून फरशी आधी येते. फळीची जाडी ठरवण्याआधी दोन्ही टोकं मोजा.

आणि पाणी

कडा फुगण्याचं कारण आमच्याकडे बादली निघाली. घरकामाच्या मावशी वरून खाली पुसत येतात, कपडा निथळता, आणि शेवटी पायरीच्या कडेला तो पिळल्यासारखा दाबून फिरवतात, कारण मळ तिथेच असतो. ते पाणी सरळ नोझिंगच्या सांध्यात. त्यांना दोष नाही, कोट्यावर पंधरा वर्षं त्यांनी असंच पुसलं होतं. आता जिन्यासाठी वेगळा, घट्ट पिळलेला मायक्रोफायबरचा कपडा आहे, तो बादलीशेजारी नाही, जिन्याच्या वरच्या खिळ्याला टांगलेला असतो. एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिकच्या) फळ्या घेतल्या असत्या तर पाण्याची एवढी काळजी नव्हती, पण अर्धगोल नाकावर त्यांचंही नोझिंग असंच डुललं असतं.

मोज्यांवर लॅमिनेट घसरतं, म्हणून नवीन नोझिंग रेघा असलेलं घेतलं. मुलाला ते दिसायला आवडलेलं नाही.

हे सगळं मेमध्ये झालं, त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. नाण्याने दोनदा तपासलं. भरणीवाल्या सोळाही कडा घट्ट आहेत. जी कापली होती, त्या भेगाळलेल्या पहिल्या पायरीचा भिंतीकडचा कोपरा मात्र ऑगस्टपासून पुन्हा वाजायला लागलाय. तिथली लादीच खाली हलतेय, त्यामुळे आता फळी काढून लादीखाली सिमेंटचं ग्राउट सोडावं लागणार.